पुढचं शीड कुणी आवरायचं?

पुण्याला समुद्र नाही, पण खडकवासला आहे! रविवारी तिथली भजी आणि कणसं मागे टाकून पानशेत रस्त्याने गोऱ्ह्याकडे निघा. उजव्या हाताला पाणी सोबत करतं. पलीकडच्या काठावर एनडीए. तिथल्या पीकॉक बेमध्ये कॅडेट्स शिडाच्या बोटी चालवायला शिकतात. नशीब असेल तर लांबवर पांढरे त्रिकोण दिसतात.

सध्या आम्हा तिघा मित्रांना एक खूळ लागलंय. भागीदारीत तीस फुटी सेकंडहँड क्रूझिंग बोट घ्यायची आणि गोव्याला ठेवायची. बजेट आणि सुट्ट्यांवर एकमत आहे, गाडी अडलीये ती पुढच्या शिडावर. जलाशयातल्या छोट्या डिंगीत वारा वाढला की बसल्या जागी दोरी सैल करायची, शीड फडफडतं, बोट सावरते. तीस फुटी बोटीचं पुढचं शीड मात्र वन-बीएचकेच्या हॉलहून मोठं. नुसतं फडफडत ठेवलं तर फाटतं. ते लहान करावंच लागतं.

एका मित्राला जुनी पद्धत हवीये. डोलकाठीला पुढून ताणून धरणाऱ्या तारेवर, म्हणजे फोरस्टेवर, शीड क्लिपांनी अडकवायचं. स्वस्त, सुटसुटीत, बिघडायला काही नाही. पण शीड बदलायचं तर हेलकावणाऱ्या बोटीच्या पार टोकाला जायचं, तेही कदाचित रात्री आणि पावसात.

दुसऱ्याला रोलर फर्लर हवाय. तारेवर अॅल्युमिनियमची नळी, खाली ड्रम. मागे बसून दोरी ओढली की शीड पडद्यासारखं गुंडाळतं. सही ना? पण अर्धं गुंडाळलेलं शीड जाडजूड आणि बेढब होतं, वाऱ्याच्या दिशेने नीट चढत नाही. आणि भर वाऱ्यात ती दोरीच तुटली तर? अख्खं शीड उघडतं, नको तेव्हा.

माझं मत बदललं ते माणसं मोजल्यावर. दिलीप दोंदे यांनी 2009-10 मध्ये गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई'तून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असं करणारे ते पहिले भारतीय. 'तारिणी'वर दिलना के. आणि रूपा ए. या नौदल अधिकारी दोघीच होत्या. 2 ऑक्टोबर 2024 ला गोव्याहून निघून 29 मे 2025 ला परतल्या. आता विचार करा, बोटीवर दोघं असली तरी एक झोपलेला असतो. तिघांतल्या एकाला बोट लागली, दुसरा झोपला, की तिसरा एकटाच! तो पाण्यात पडला तर कळणार कुणाला?

म्हणून माझं मत असं: मोठं शीड फर्लरवर. त्याच्या मागे आतली दुसरी तार, तिच्यावर जाड कापडाचं छोटं शीड क्लिपांनी. त्याला खाली ओढणारी दोरी मागेपर्यंत आणायची, म्हणजे उतरवायला पुढे जायला नको. वारा वाढायच्या आधीच, उजेडात, मोठं पूर्ण गुंडाळायचं आणि छोटं चढवायचं. आतल्या तारेसाठी डेक मजबूत करावा लागेल, खर्च वाढेल. मग म्युझिक सिस्टिम पुढच्या वर्षी!

कसं जाल: स्वारगेटहून सिंहगड रस्त्याने खडकवासला, पुढे पानशेत रस्ता. पाणी काठावरूनच बघा, आत उतरू नका. एनडीएच्या हद्दीत परवानगीशिवाय जाता येत नाही.