उर्फ

घर घेताना आपण विकणाऱ्याचे कागद तपासतो. घेणाऱ्याचेही तपासावेत, हे आम्हां बहीणभावांच्या ध्यानीमनी नव्हते. आई आणि आम्ही दोघे, अशा तिघांच्या नावे दोन खोल्यांची सदनिका घ्यायची ठरली होती. पैशांतला मोठा वाटा आईचा. शिक्षिकेच्या नोकरीतून आणि पुढे निवृत्तिवेतनातून साठत गेलेला. खरेदीखतावर सह्या झाल्या, मुद्रांक शुल्क भरले आणि आम्ही दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात जाऊन बसलो. लिपिकाने आईचे आधार आणि पॅन शेजारीशेजारी ठेवले व शांतपणे विचारले, "यांतल्या आजी कोणत्या?"

प्रश्न रास्त होता. आईचे माहेरचे नाव एका नदीचे, सासरचे एका देवीचे. १९६४ साली ताटातल्या तांदळांत अंगठीने दुसरे नाव लिहिले गेले आणि पहिले घरातून नाहीसे झाले. नोकरी मात्र लग्नाआधीची. त्यामुळे शाळेचा दाखला, सेवापुस्तक, निवृत्तिवेतन आणि पॅन या सगळ्यांत नदी वाहत राहिली. रेशनकार्डावरून निघालेल्या आधारात देवी आली. ऐंशी वर्षांवरील व्यक्तींना पॅन-आधार जोडणीतून सूट असल्यामुळे त्र्याऐंशी वर्षांच्या आईची ही दोन नावे आजवर कुठे समोरासमोर आलीच नव्हती. वकिलांनी खत आधारावरून लिहिले होते. कागदोपत्री, पैसे एकीचे होते आणि घर दुसरीचे होणार होते.

सल्ल्यांना तोटा नसतो. बाहेरच्या एजंटाने सुचवले, "आजींचे नाव काढूनच टाका. शेवटी सगळे तुमचेच आहे." दुसऱ्याचे गणित उलटे होते: २०२१पासून महाराष्ट्रात केवळ महिलांच्या नावे घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, तेव्हा खत नव्याने करताना भावाचेच नाव वगळावे. पहिला सल्ला आम्हांला क्षणभर सोयीचा वाटला, हे कबूल केले पाहिजे. आई काही बोलली नाही. तिने फक्त पर्स उघडून बँकेचे पासबुक आपल्या मांडीवर ठेवले. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ४५ सहखरेदीदारांचे हिस्से, वेगळा करार नसेल तर, ज्याच्या त्याच्या पैशांच्या प्रमाणात मोजते. पण त्यासाठी आधी सहखरेदीदार असावे लागते. आम्ही ओशाळलो.

पॅनवरील नाव बदलायला विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्र यांसारखा पुरावा हवा. त्या काळी आमच्याकडे लग्ने नोंदवण्याची रीत नव्हती; म्हणून राजपत्राचा अर्ज आणला. त्यात दोन रकाने : जुने नाव आणि नवे नाव. आईने चष्मा लावून अर्ज वाचला आणि परत दिला. "मी नाव बदललेले नाही," ती म्हणाली. "माझे बदलले. आणि यातले जुने कोणते? निवृत्तिवेतन तर अजून त्याच नावाने येते."

नोंदणीची मुदत सहीपासून चार महिन्यांची, पुढे दंड. आम्ही नोंदणी कायदा वाचायला घेतला. १९०८ सालच्या या कायद्याचे कलम ३५ सांगते की, दस्त करून देणारा माणूस निबंधकाला व्यक्तिशः ठाऊक असावा, नाहीतर तो तोच आहे अशी त्याची अन्य रीतीने खात्री पटावी. गावातला निबंधक गावातल्या माणसाला तोंडाने ओळखेल, अशी एक शक्यता त्या वाक्यात अजून शिल्लक आहे. कार्डे नंतर आली.

शेवटी मार्ग निघाला तो एका छोट्या शब्दाने. खतात आईच्या नावापुढे 'उर्फ' घालून दुसरे नाव लिहिले. कलम २०नुसार त्या दुरुस्तीपाशी सर्वांनी आद्याक्षरे केली. दोन्ही नावांची व्यक्ती एकच, असे प्रतिज्ञापत्र जोडले. ओळख पटवायला आईचा एक जुना विद्यार्थी आला, स्वतःच निवृत्त झालेला. निबंधकांनी विचारले, "यांना कोणत्या नावाने ओळखता?" तो गोंधळला. "नाव?" तो म्हणाला. "आम्ही बाई म्हणायचो."

निबंधक हसले आणि त्यांनी अंगठ्याचे यंत्र पुढे सरकवले. आईचा ठसा चौथ्या प्रयत्नात उमटला.

सूची क्रमांक दोनची प्रत हाती आली तेव्हा आईचे नाव दीड ओळ व्यापून होते. आधी देवी, मग उर्फ, मग नदी. आईला क्रम उलटा हवा होता. आधाराप्रमाणेच लिहावे लागते, असे तिला सांगण्यात आले. परतताना रिक्षात तिने ती प्रत दोनदा वाचली. आम्ही दोघे तिला जन्मभर आईच म्हणत आलो. तिचे पहिले नाव मोठ्याने उच्चारल्याचे आम्हांला एकदाही आठवेना.