आबांच्या जीपचं इंजिन

गेल्या दिवाळीत पुण्याहून एक तरुण आमची जीप बघायला आला. १९६२ चं मॉडेल, महिंद्राची सीजे-थ्री-बी. पोरगा तिच्याभोवती तीन वेळा फिरला, फोटो काढले, उंच बॉनेटवरून हात फिरवला. मग बॉनेट उघडलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"काका, हे ओरिजिनल इंजिन नाही."

"नाही," म्हटलं, "१९८७ ला बदललंय. डिझेल बसवलंय."

"जुनं इंजिन आहे का?"

मी नाही म्हणालो. तो चहा घेऊन गेला. किंमतसुद्धा विचारली नाही.

ही जीप आमच्या आबांनी सरकारी लिलावात घेतली १९७६ साली. तिला पेट्रोलचं इंजिन होतं, २१९९ सीसीचं, चार सिलिंडरचं. त्याचे आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि धूर सोडणारे खाली ब्लॉकमध्ये. अशा रचनेनं इंजिन उंच झालं, म्हणून कंपनीनं बॉनेट उंच केलं, हे आबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. इंजिन इतकं गुपचूप चालायचं की बंद आहे समजून मी दोनदा सेल्फ मारलेला आहे. त्याबद्दल आबांच्या शिव्याही खाल्ल्या आहेत.

पण ते प्यायचं फार. लिटरला सात-आठ किलोमीटर. १९७३ नंतर पेट्रोल भडकलं ते भडकलंच. डिझेल त्याच्या जवळजवळ निम्म्या दरात मिळायचं. आमचं गाव आटपाडीच्या बाजूचं, माळाचं. विहिरीवरच्या इंजिनासाठी घरटी डिझेलचा डबा असायचा, पण पेट्रोल हवं तर अठरा किलोमीटर जावं लागायचं. त्यामुळं जीप बहुतेक वेळ गोठ्याशेजारी उभी. मागच्या सीटखाली कोंबडी अंडी घालायची.

१९८६ च्या पावसाळ्यात माझ्या बायकोला रात्री कळा सुरू झाल्या. दिवस पुरे व्हायला अवकाश होता. जीपच्या टाकीत हँडल मारण्यापुरतंही पेट्रोल नव्हतं. गावात डिझेलचे पन्नास डबे असतील, ते काय कामाचे? बैलगाडी जुंपली. दवाखान्यात पोचेपर्यंत उजाडलं. बायको वाचली, पोरगं हाती लागलं नाही.

आबा त्यावर एक शब्द बोलले नाहीत. मी आधी दोन-तीनदा इंजिन बदलायचा विषय काढला होता, तेव्हा ते म्हणायचे, "माणसाचं काळीज बदलत्यात व्हय रं?" आता सुगी झाल्यावर ते स्वतःच उठून विट्याच्या मिस्त्रीकडं गेले. आईची दुभती म्हैस विकली. उलटलेल्या एका जीपचं प्युजो डिझेल इंजिन मिळालं, २११२ सीसीचं. तेव्हा कंपनीच नव्या जीपना ते बसवत होती, म्हणून मिस्त्रीला धीर होता.

लिंबाच्या फांदीला चेन पुली बांधून जुनं इंजिन वर काढलं. आम्हाला वाटलं, आता नवं ठेवलं की झालं. पण नव्या इंजिनाची भोकं जुन्या गिअरबॉक्सला जुळेनात. दोन्हीच्या मधी जाड लोखंडी प्लेट लागणार होती. ती मिस्त्रीनं कोल्हापूरला उद्यमनगरात लेथवर करून आणली. तो म्हणाला, "सेंटर केसभर चुकला तर बेरिंग खाईल आणि गाडी वर्षात रस्त्यावर बसंल." मग फाउंडेशन कापून नव्या जागी वेल्डिंग केलं. चेंबर पुढच्या ॲक्सलला घासू नये म्हणून दोनदा इंजिन उचललं, दोनदा ठेवलं. डिझेल इंजिन वजनाला भारी, त्यानं गाडी नाक खाली घालून उभी राहिली. पुढं दोन्ही बाजूला एकेक पाटा वाढवला. मोठी बॅटरी, डिझेल परत टाकीत येण्याची नळी, इंजिन बंद करायची वायर. सतरा दिवस गेले.

अठराव्या दिवशी पाइपातली हवा काढली, हीटर तापू दिला आणि सेल्फ मारला. काळा धूर निघाला, अख्खी जीप थरथरली, कोंबड्या उडाल्या. सगळे हसले. आबा गाडीत बसले, वेशीपर्यंत जाऊन आले आणि किल्ली माझ्या हातात दिली.

"चालतीया. पण ही आता तुझी गाडी."

परत त्यांनी स्टेअरिंग धरलं नाही. शेजारी मात्र बसायचे. पुस्तकावर इंधन आणि इंजिन नंबर बदलून घ्यायला मला चार हेलपाटे पडले, त्यातल्या दोन्हींत ते बरोबर होते म्हणून काम झालं.

जुनं इंजिन त्यांनी गोठ्यात दोन लाकडांवर ठेवलं. प्लगच्या भोकातून तेल सोडायचे, चिंधीचे बोळे घालायचे आणि अधूनमधून हँडलनं फिरवायचे. खंडेनवमीला दोन्ही इंजिनांना हळदीकुंकू. १९९८ ला आबा गेले. त्यानंतर मी ते एकदाही फिरवलं नाही.

२००३ च्या दुष्काळात कडबा सोन्याच्या भावानं झाला. मी इंजिन भंगारवाल्याला किलोवर घातलं. दोघांना ब्लॉक उचलेना, तेव्हा त्यानं घण मागितला. मीच आणून दिला. ब्लॉक फुटला तेव्हा आतला सिलिंडर आरशासारखा होता. आबांचं तेल अजून ओलं होतं. त्या पैशात बैलांची आठ दिवसांची वैरण झाली.

पुण्याच्या पोरानं जाताना मला सांगितलं की, सरकारनं २०२१ मध्ये विंटेज गाड्यांचा नियम केला आहे. पन्नास वर्षांवरची गाडी पाहिजे, चेसिस, बॉडी, इंजिन फार बदललेलं चालत नाही. आणि अशी गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या कामाला रस्त्यावर आणता येत नाही. म्हणजे आबांनी इंजिन बदललं नसतं, तर जीपला आज मान मिळाला असता आणि काम सुटलं असतं. पण बदललं नसतं तर ती आजपर्यंत राहिली असती का, हे त्या पोराला कोण सांगणार? १९९० साली पेट्रोलच्या कितीतरी जीप मी स्वतः भंगारात जाताना बघितल्यात.

जुनं इंजिन मात्र राहू शकलं असतं. दोन लाकडांवर ते काय खात होतं? ते माझ्या हातून गेलं, त्याला दुष्काळाचं कारण पुरत नाही.

हे सगळं मी रात्री बायकोजवळ बोललो. ती डाळिंबाची क्रेट मोजत होती. मान वर न करता म्हणाली, "इंजान बदललं नसतं, तर त्या रातीनंतर ही गाडी मी दारात ठिवूनच घेतली नसती."

एवढ्या वर्षांत ती त्या रात्रीबद्दल पहिल्यांदाच बोलली. मी क्रेट जीपमध्ये भरायला घेतली.