मर्क्युशिओची बोलती बंद

'वॉर्म बॉडीज' पाहिला नसेल तर आज रात्रीच पाहा, आणि पाहताना नायकाकडे जरा दुर्लक्ष करा! निकोलस होल्ट गोडच आहे, त्याबद्दल वाद नाही, पण त्याच्या आजूबाजूला कोण कोण उभं आहे ते बघा. २०१३ सालचा सिनेमा, माझ्या हाती आत्ता लागला, आणि तेव्हापासून घरातलं, ऑफिसातलं, लिफ्टमधलं कुणीही माझ्या तावडीतून सुटलेलं नाही.

गोष्ट अर्ध्या मिनिटात सांगते. आर हा झॉम्बी तरुण. नावातलं पहिलं अक्षर तेवढं आठवतंय, बाकी सगळं विसरलाय. तो ज्यूलीच्या प्रियकराला खातो आणि ज्यूलीच्याच प्रेमात पडतो. आयझॅक मॅरियनच्या कादंबरीवरून जोनाथन लेव्हिनने केलेला हा सिनेमा. आर म्हणजे रोमिओ आणि ज्यूली म्हणजे ज्युलिएट हे एकदा डोक्यात शिरलं, की बाकीची मंडळी आपापली ओळख देत पुढे येतात. आरचा झॉम्बी दोस्त एम हा मर्क्युशिओ, ज्यूलीचा प्रियकर पेरी हा पॅरिस, तिची मैत्रीण नोरा ही दाई. बाल्कनीसुद्धा आहे हो!

आणि एमपाशी मी खुर्चीतून उडालेच. शेक्सपिअरचा मर्क्युशिओ म्हणजे रोमिओचा दोस्त आणि एक नंबरचा बोलका. परीराणी आणि स्वप्नं या विषयावर तो असा सुटतो, की शेवटी रोमिओलाच त्याला आवरावं लागतं. इथे त्याच्या वाट्याला काय, तर गुरगुर! आणि ती गुरगुर दिलीय कुणाला? रॉब कॉर्ड्रीला! 'द डेली शो'मध्ये विडंबनातला वार्ताहर होऊन, गंभीर तोंडाने वाट्टेल ते बोलून ज्याने नाव कमावलं, त्याची बोलतीच बंद करून टाकलीय. ज्याच्या डोक्यात ही पात्रयोजना आली त्याला माझा दंडवत.

विमानतळावरच्या ओसाड बारमधला तो प्रसंग बघा. आर आणि एम स्टुलांवर बसलेत. घशातून आवाज काढतात, एकमेकांकडे बघतात, पुन्हा आवाज. एवढंच. पण कॉर्ड्री त्या आवाजाआधी केवढा थांबतो! वाक्य नाही, चेहऱ्यावर राखाडी लेप, नजर मेलेली, आणि तरी हे दोघे जुने दोस्त आहेत याची खात्री पटते. पुढे एकदा एम आपल्याला काय काय दिसलं ते आरला सांगतो: आई, उन्हाळा, सकाळची लापशी, कुणी एक मुलगी. एकेक शब्द खिशाच्या तळातून सुटे पैसे चाचपून काढावेत तसा काढतो. मी तिथे चक्क रडले. मर्क्युशिओ स्वप्नांची टिंगल करायचा, आणि हा त्याचा वारस स्वप्नासारखं काहीतरी दिसलं म्हणून हरखलाय!

शिवाय एम नसता तर या सिनेमाचं काय झालं असतं? एक झॉम्बी प्रेमात पडून सुधारला, तर तो निव्वळ अपवाद. हात हातात घेतलेल्या जोडप्याच्या पोस्टरसमोर एम आणि बाकीचे झॉम्बी थबकतात, त्यांच्या छातीत लाल उजेड लुकलुकतो, तेव्हा कुठे ही गोष्ट सगळ्यांची होते. नायक स्वतः जेमतेम बोलू शकतो, त्यामुळे प्रेम खरं आहे हे पटवून देण्याचं काम या मागच्यांवर येतं. मला तर वाटतं, झॉम्बीच्या प्रेमकथेत सहाय्यक नटच खरे वकील.

आता पेरी. हे कास्टिंग म्हणजे महाकठीण काम! मुलगा मरतो सुरुवातीलाच, पण आर त्याचा मेंदू खिशात ठेवतो, आणि प्रत्येक घासाला पेरीच्या आठवणी पडद्यावर येतात. हा नट प्रेक्षकांना फार आवडला तर ते आरला कधीच माफ करणार नाहीत. आवडलाच नाही तर ज्यूलीचं दुःख फुकट. डेव्ह फ्रँकोने हा तोल कसा सांभाळलाय बघा. आधी ते मोकळं हसू, मग झॉम्बी झालेल्या बापावर स्वतःच गोळी झाडण्याची वेळ, आणि त्यानंतर तोच चेहरा घट्ट मिटलेला. म्हणजे आरने मारण्याआधीच पेरी आतून मेलाय. नाटकात रोमिओ पॅरिसला मारतो ते शेवटी, थडग्यापाशी. इथे तो खून आधीच उरकलाय आणि उरलेला सिनेमा त्याचं ओझं वाहतो.

नोराची भूमिका लिओ टिप्टनची, तेव्हाच्या श्रेयनामावलीत नाव ॲनाली टिप्टन. माणसांत खपावा म्हणून आरचा मेकअप करायचा असतो, तर नोरा 'प्रिटी वुमन' गाणं लावते आणि ज्यूली ते बंद करायला लावते! रंगभूषाकाराने मढं बनवलेल्या नटाला पडद्यावर पुन्हा रंगवून जिवंत करायचं, केवढी गंमत!

जॉन माल्कोविच ज्यूलीचा लष्करी बाप आहे. उभा राहिला तरी धाक वाटतो, पण कामाला फार थोडा वाव. एवढा मोठा नट आणून त्याला बंदूक रोखायला लावलंय, ही माझी एकमेव तक्रार.

आणि गर्दीतले झॉम्बी! त्यांच्या विमानतळावरच्या प्रसंगांचं चित्रीकरण मॉन्ट्रियलजवळच्या मिराबेल विमानतळावर झालं. १९७५ मध्ये थाटात सुरू झालेल्या या विमानतळावरची प्रवासी विमानं २००४ मध्ये बंद पडली आणि २०१४ पासून टर्मिनलची इमारतच पाडायला घेतली. मेलेल्यांना राहायला मेलेला विमानतळ! झॉम्बींच्या हालचालींसाठी 'सर्क द्यु सोले'च्या कलाकारांबरोबर सराव केल्याचं होल्टने सांगितलंय. म्हणूनच ते पाय ओढणं नुसतं पाय ओढणं वाटत नाही. कुणाचा खांदा आधी निघतो, कुणाची मान मागे राहते.

'झोंबिवली' आणि 'गो गोवा गॉन' हे आपले झॉम्बीपट मी आता नव्याने पाहणार आहे, फक्त मागे उभ्या असलेल्यांसाठी. तोवर घरी एकच वाद पेटलाय: मराठीत एम कुणाला द्यायचा? माझं मत भाऊ कदमना. एकही वाक्य देऊ नका, स्टुलावर बसवा, समोर कुठलाही नायक ठेवा आणि कॅमेरा चालू करा!