पाठीवरचा आडवा काटा

माकणीजवळ तेरणा अडवून निम्न तेरणेचा जलाशय झाला. तेरणेचे पाणी पुढे मांजरेतून गोदावरीला मिळते, आणि गोदावरी-कृष्णेच्या खोऱ्यांचा खास असा एक चपटा, रुपेरी मासा आहे: रोहटी ओगिल्बी. कर्नल साइक्स यांनी दख्खनच्या माशांवर लिहिताना १८३९ मध्ये रोहटी ही प्रजाती मांडली आणि तिच्यात व्हिगोर्साय वगैरे जातीही घातल्या. पुढे फ्रान्सिस डे यांनी बंगालचा कोटिओसुद्धा तिच्यातच बसवला. आज त्या जाती बहुतेक ऑस्टिओब्रामा या प्रजातीत गेल्या असून रोहटीत ओगिल्बी एकटीच उरली आहे. मासे ओळखणे हेच काम असलेल्या माझ्या मते ही फारकत योग्य आहे. ओगिल्बीच्या पृष्ठपराच्या मुळाशी पुढे तोंड करून आडवा पडलेला एक काटा असतो. पाठीवरून बोट फिरवले की तो लागतो. व्हिगोर्सायला तो नाही. उलट तिचा गुदपर लांबलचक असतो.

एका जातीची प्रजाती नात्यांबद्दल काय सांगणार, हा आक्षेप मला वजनदार वाटतो. त्यात असाच काटा आग्नेय आशियातल्या मिस्टाकोल्यूकस या प्रजातीलाही असतो, आणि तरीही आजचे वर्गीकरण रोहटीला तिकडे न नेता ऑस्टिओब्रामाच्याच उपकुळात ठेवते. म्हणजे काटा हा नात्याचा पुरावा नाही. साइक्सनी ओगिल्बी आणि व्हिगोर्साय शेजारी ठेवल्या त्यात नजर होतीच, हे मी आदराने मान्य करतो. पण जवळचे नाते दाखवायला उपकूळ आहे. प्रजातीने हातातला मासा वेगळा काढून द्यावा, एवढी अपेक्षा मी धरतो आणि ती काट्याने पुरी होते. डीएनए आल्यावर काटे कशाला मोजायचे, असेही विचारले जाते. डीएनएचा नमुना ज्या माशाचा, त्याचे नाव आधी कोणीतरी अंगावरच्या खुणा पाहूनच ठरवलेले असते. ते चुकले तर पुढची प्रत्येक तुलना चुकते. धरणाच्या पाण्यात तर हे अधिकच जपायला हवे. मासेमारीच्या नोंदीत रोहू-कटला वजनावर नावानिशी लिहिले आणि असे लहान चपटे मासे सगळे ‘इतर’मध्ये टाकले, तर वाहत्या नदीचे तळे झाल्यावर त्यांतली कोणती जात टिकली आणि कोणती विरळ झाली, हे त्या नोंदीतून कधीच काढता येणार नाही.