नाव नसलेला सूर

लहानपणी भोरच्या आमच्या घरी काकांचा चावीचा ग्रामोफोन होता. 'अलबेला' या १९५१ सालच्या चित्रपटातील गाण्याची एक तबकडी मी त्यावर पुनःपुन्हा लावीत असे. शब्दांपेक्षा मला मधूनच उसळणारा ट्रम्पेट या पितळी वाद्याचा सूर अधिक आवडे. तबकडीवर गायकांची आणि संगीतकार सी. रामचंद्र यांची नावे होती. ट्रम्पेटवाल्याचे मात्र नव्हते.

"काका, हे कोण वाजवते?"

"असेल कोणी बँडवाला!"

पुढे मोठेपणी ते नाव कळले. गोव्यातील हळदोणे गावचे अँतोनियो झेवियर वाझ! मुंबईत ते 'चिक चॉकलेट' म्हणून प्रसिद्ध होते. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी घडविलेले जाझ संगीत ते वाजवीत. मुलांनो, जाझचा वादक लिहिलेल्या सुरांपाशी थांबत नाही. आयत्या वेळी तो नवे सूर रचतो. ते वादन समक्ष ऐकावे, असे मला फार वाटले. पण वाझ १९६७ सालीच निवर्तले होते. उरली होती ती तबकडी.

वेल्ह्याच्या शाळेत असताना एका वरातीत असाच ट्रम्पेट कानी पडला. गाणे संपता संपता वादकाने स्वतःची एक लकेर घेतली. तोरण्याच्या पायथ्याशी ती घुमली. वरात पुढे गेली, मी त्याला गाठून विचारले, "दादा, आपले नाव काय?"

तो क्षणभर पाहतच राहिला. म्हणाला, "गुरुजी, सुपारी किती, हे सगळेच विचारतात. नाव तुम्हीच विचारलेत."

ते नाव मी वहीत वाझ यांच्या नावाखाली लिहून ठेवले.