पोलिसांशी पहिला संबंध : वय ७

तीर्थपुरीच्या बाजारापासून थोडं पुढे, रस्त्याकडेला पाच-सहा पालं पडली होती. त्यातल्या एका पालासमोर दगडावर बसून मी गुडघ्यावर कागद पसरले. मुलगा फासेपारधी, सोळा पूर्ण, शस्त्रासह दरोड्याच्या गुन्ह्यात नाव आलेलं, तो निरीक्षणगृहात. मोठ्यांच्या बरोबरीनं खटला चालवायचा का हे ठरवण्यासाठी बाल न्याय कायद्याच्या कलम १५ प्रमाणे त्याचं प्राथमिक मूल्यांकन व्हायचं होतं आणि बाल न्याय मंडळाच्या मदतीला मी.

"शाळा का सोडली त्यानं?" मी त्याच्या आजीला विचारलं.

"त्यानं कुठं सोडली साहेब? शाळा इथंच ऱ्हायली, आमीच गेलो ऊस तोडाया."

मी लिहिलं : तिसरीत शाळा सोडली. रकाना तेवढाच होता.

कायदा खरं तर कुवत विचारतो. गुन्हा करण्याची शारीरिक-मानसिक क्षमता होती का, परिणाम कळत होते का, परिस्थिती काय होती. पुढे हा मुलगा किती धोक्याचा, हे तो विचारत नाही. पण माझ्या पिशवीत प्रशिक्षणात मिळालेली एक परदेशी यादी असते आणि हात सवयीनं तिच्याकडे जातो. खुणा करायच्या, बेरीज मारायची. त्यातला एक प्रश्न : पोलिसांशी पहिला संबंध कितव्या वर्षी? वय जितकं कमी तितका धोका जास्त.

आजी म्हणाली, सात. बापाला उचलायला पहाटे गाडी आली. पोरगं बापाला सोडेना, म्हणून त्यालाही नेलं. दोन रात्री ठाण्याच्या ओसरीत. मी ७ लिहिलं. आकडा पोलिसांच्या गाडीचा, पडला पोराच्या नावावर. घरात कोणी तुरुंगात होतं का? होतं. पत्ता कायम आहे का? नाही. तीनही खुणा झाल्या, आणि पोरानं स्वतः काय केलं हे अजून मी विचारलंही नव्हतं.

कॅनडात जेफ्री एवर्ट या मेती (मूळनिवासी) कैद्यानं अशाच पाच चाचण्यांविरुद्ध दाद मागितली. जून २०१८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं चाचण्या खोट्या ठरवल्या नाहीत. मूळनिवासी कैद्यांवर त्या खऱ्या उतरतात का हे तुम्ही तपासलंच नाही, असं मात्र तुरुंग खात्याला सुनावलं. आपल्याकडे तर बेरजेचीही गरज नव्हती. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं जन्म हीच खूण धरली. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो रद्द झाला, सराईत गुन्हेगारांचे कायदे मागं राहिले, आणि ठाण्यातली नजर तर कुठल्याच कायद्यात लिहिलेली नव्हती. ती रद्द कशी करणार?

त्या नजरेचंच एक उदाहरण. नाशिकजवळच्या २००३ च्या दरोडा-खून प्रकरणात भटक्या जमातीतल्या सहा मजुरांना सर्वोच्च न्यायालयानं २००९ मध्ये फाशी सुनावली. ५ मार्च २०१९ ला त्याच न्यायालयानं सहाही जणांना निर्दोष सोडलं आणि प्रत्येकी ५ लाखांची भरपाई द्यायला सांगितलं. प्रत्यक्षदर्शी साक्षीदारानं पोलिसांच्या अल्बममधून ओळखलेली माणसं वेगळीच होती.

मग यादी फेकून द्यावी? मला तसं वाटत नाही. यादी गेली की उरतो माझा अंदाज, आणि पारध्याचं नाव निघालं की घराला कडी घालणाऱ्या गावातच मीही वाढलो. यादीतली खूण निदान दिसते, तिच्यावर वाद घालता येतो. म्हणून हल्ली मी प्रत्येक खुणेशेजारी ती कशी पडली ते लिहितो. वयाच्या ७ पुढे आता पहाट, गाडी आणि ओसरी आहे. अहवाल लांबतो, कोण वाचतं, देव जाणे.

निरीक्षणगृहात मुलगा खाली बघून एका शब्दात उत्तरं द्यायचा. 'भावना व्यक्त करत नाही' असं मी लिहूनही टाकलं होतं. तिसऱ्या भेटीत तितराचा विषय निघाला आणि तो मान वर करून अर्धा तास बोलत राहिला. फास कुठल्या वाटेवर लावायचा, पाळलेला तितर कधी बोलवायचा, आपली सावली कुठं पडू द्यायची नाही. कुठली चूक केली तर पक्षी पुन्हा त्या रानात फिरकत नाही, तेही.

अहवालात 'आवड व कौशल्य' असा रकाना आहे. हे तिथं लिहावं तर १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं तो आणखी एक गुन्हा. शिवाय परिणाम ओळखण्याची इतकी पक्की समज दाखवली, तर मोठ्यांच्या बरोबरीनं खटला चालवायला मीच कारण दिलं म्हणायचं. लिहू नये, तर या मुलाबद्दल मला कळलेलं एवढंच एक खरं बाहेर राहतं.

अहवाल द्यायला चार दिवस आहेत. तो रकाना कोरा आहे.