दोन रुपयांची पंगत

उदगिरात किल्ला आहे, रेल्वेचे स्टेशन आहे, १७६० साली भाऊसाहेबांनी निजामाला नमविले त्या लढाईचे नाव आहे, आणि २०२२ साली तर साहित्य संमेलनही होऊन गेले. विमानतळ मात्र नाही. आम्हा उदगीरकरांना आकाशात जायचे तर आधी बिदर, जहिराबाद करीत जमिनीवरून हैदराबादच्या शमशाबादपर्यंत जावे लागते. १९५६ पर्यंत आमचा तालुका बिदर जिल्ह्यातच होता, तेव्हा हा रस्ता तसा घरातलाच. गेल्या हिवाळ्यात याच रस्त्याने मी अण्णांना घेऊन निघालो. अण्णा म्हणजे माझे वडील. वय सत्तरीच्या पुढे. काशी पाहायची त्यांची इच्छा होती आणि आगगाडीतला दीड-दोन दिवसांचा प्रवास आता त्यांच्या गुडघ्यांना झेपण्यासारखा राहिलेला नव्हता.

अण्णांना साखरेचा विकार जडून बारा वर्षे झाली. त्यांच्या ताटावरचा पहारा माझ्याकडे आहे. मी मॅट्रिकच्या पुढे गेलो नाही, शाळेत मुलांना चित्रकला शिकवतो आणि सवडीने कादंबऱ्या लिहितो. पण एवढ्या बाबतीत घरातले सगळे मला डॉक्टरच समजतात. त्यांचे रक्ताचे आकडे मी तारीखवार वहीत मांडून ठेवतो. प्रवासाच्या आदल्या रात्री पत्नीने ज्वारीच्या दशम्या केल्या, शेंगदाण्याची चटणी दिली आणि बजावले, "बाहेरचं काही खाऊ देऊ नका त्यांना."

आता एक गोष्ट कबूल करायला हवी. माझाही एक कागद होता. महिन्यापूर्वी गुपचूप रक्त तपासले, तेव्हा तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा ७.१ आला. ६.५ पासून पुढे मधुमेह धरतात. तो कागद मी अर्धवट राहिलेल्या कादंबरीच्या हस्तलिखितात घालून ठेवला होता; कारण आमच्या घरात ते कोणी उघडत नाही.

विमानतळावर पोचलो तेव्हा सुटण्याला तीन तास अवकाश होता. दशम्यांचे गाठोडे तपासणीच्या यंत्रातून निर्विघ्न बाहेर आले. माझा एक जुना विद्यार्थी बँकेत असतो. त्याने सांगून ठेवले होते, "गुरुजी, तुमचं कार्ड दाखवा. लाउंजमध्ये खाणं फुकट असतं. दोन रुपये तेवढे कापतात." दोघांची दोन कार्डे दाखविली, चार रुपये गेले, आणि काचेचे दार उघडून आम्ही आत शिरलो.

वाचकहो, मी पुष्कळ पंगती पाहिल्या आहेत; पण वाढपी नसलेली पंगत पहिल्यांदाच पाहिली. एका बाजूला कापलेली पपई, मोड आलेल्या मुगाची उसळ, इडली, सांबार आणि उपमा. (उपमा पाहून मला आमच्याकडच्या सुशीलाची आठवण झाली. चुरमुऱ्यांची ती गरीब सुशीला अजून विमानतळापर्यंत पोचलेली नाही.) दुसऱ्या बाजूला वडे, नूडल्स, केक, रंगीत सरबतांचे यंत्र आणि एका मोठ्या काचेच्या भांड्यात हैदराबादचा डबल का मीठा. पाव तुपात तळून साखरेच्या पाकात आणि दुधात मुरवायचा, असा त्याचा साधा सरळ प्रकार. लपवाछपवी काही नाही. लग्नाच्या पंगतीत वाढपी पुढे सरकला की आपला हात थांबतो. शिवाय शेजारी कोणीतरी ओळखीचे असते, त्याची थोडी लाज असते. येथे सगळे अनोळखी, कोणी कोणाच्या बशीकडे पाहत नाही, आणि आग्रह करणारा आपल्याच पोटात बसलेला असतो.

मी अण्णांना खुर्चीवर बसविले आणि नियम सांगितले. आधी उसळ आणि काकडी-टोमॅटो खायचे, मग इडली. पोटात आधी डाळ-भाजी गेली की मागून आलेल्या पिठाची साखर रक्तात सावकाश चढते. फळ खायचे, फळाचा रस नको. रसात चोथा राहत नाही, गोडी तेवढी उरते. इडली हलकी असली तरी शेवटी ती तांदळाचीच, तेव्हा दोनच. हे सारे मला उदगीरच्या डॉक्टरांनी समजावून सांगितले होते आणि मी ते वर्गात शिकवावे तसे म्हणून दाखविले. मग त्यांच्यासाठी पपई आणि उसळ घेऊन आलो. स्वतःसाठी काय आणले, ते विचारू नका. दोन वडे, थोड्या नूडल्स, केकचा तुकडा, आणि पेलाभर संत्र्याचा रस. दोन रुपये दिले होते ना!

अण्णा उठून स्वतःच फेरी मारू लागले. एका कोपऱ्यात 'श्री अन्न' अशी पाटी होती आणि तिच्याखाली वाफाळणारी खिचडी.

"हे काय हाय?"

"ज्वारीची खिचडी आहे, अण्णा. ही घ्या. तुमच्यासाठी चांगली."

अण्णांनी झाकण उचलले, वास घेतला आणि झाकण ठेवून दिले. "जवारी? इमानात बसायला आलाव अन् जवारीच खाऊ व्हय?"

मी त्यांना सांगू लागलो की २०२३ हे साल सगळ्या जगाने भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले. आपल्याच देशाने तशी सूचना केली आणि संयुक्त राष्ट्रांनी ती मान्य केली. आपल्या भाकरीला आता मोठ्या हॉटेलांत मान आहे. अण्णांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाले, "मला नको सांगू. मी बहात्तर बघितलंय."

१९७२ साली अण्णा अठरा-एकोणीस वर्षांचे होते. त्या वर्षी खरीप गेले, रब्बी गेली, विहिरींचे तळ उघडे पडले. अण्णा आणि आजी दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. रेशनवर अमेरिकेहून आलेला मिलो मिळे, तोही ज्वारीचाच भाऊबंद, पण लाल. त्याची भाकरी थापताना आजी रडत असे, म्हणून अण्णा तिच्या पाठीमागे बसून जेवत. आणि कामावर सुकडी मिळे. पीठ आणि गूळ यांची ती मूठभर भुकटी. दिवसभर घण मारल्यावर जिभेला लागणारी तेवढी एक गोडी. अण्णांच्या लेखी गोड म्हणजे आजचा दिवस निभावला असे सांगणारी वस्तू आहे, हे मला इतकी वर्षे त्यांच्या ताटावर पहारा करताना कधी सुचले नव्हते. त्या काचेच्या भांड्यासमोर त्यांना उभे पाहिले तेव्हा सुचले. गव्हाची पोळी रोज परवडावी आणि ज्वारीपासून सुटका व्हावी यासाठी ज्या माणसाने आयुष्य घातले, त्याला मी विमानतळावर ज्वारी चांगली म्हणून सांगत होतो. आता आमच्या शिवारात पाहावे तिकडे सोयाबीन; मालदांडीची कणसे पाहायला रस्ता वाकडा करून जावे लागते. आणि खरे सांगायचे तर ज्वारीही काही औषध नाही. चार भाकरी खाल्ल्या तर तिचीही साखर होतेच.

अण्णा वाटीत डबल का मीठा घेऊन आले. वाटी काठोकाठ होती.

"अण्णा!"

"लहानपणी दोस्ताच्या बहिणीच्या लग्नात खाल्ला होता. त्याच्यामागं आत्ताच." त्यांनी चमचा तोंडात घातला, डोळे मिटले. "काशीत एक वस्तू सोडाय लागती का नाही? हीच सोडतो. सोडायच्या आधी खाऊ तर दे."

यावर काय बोलणार? मी वडा उचलला. अण्णांनी डोळे उघडले आणि माझ्या बशीकडे पाहिले. बराच वेळ पाहिले.

"काय बघूलालाव, अण्णा?" माझ्याही तोंडी नकळत घरची बोली आली.

"तुझी गोळी घेतलीस का?"

औषधाच्या दुकानदाराने सांगितले असणार. उदगीर काही फार मोठे गाव नाही. माझ्या हातातला वडा तसाच राहिला. अण्णांनी आपली वाटी अर्ध्यावर थांबवून पलीकडे सरकवली, गाठोडे सोडले, एक दशमी माझ्यापुढे ठेवली, दुसरी स्वतः घेतली आणि चटणी कागदावर ओतली. त्या गुळगुळीत टेबलावर आम्ही बापलेक दशम्या खात बसलो. सफाईचा पोरगा येऊन माझी बशी उचलू का म्हणून विचारू लागला. अण्णांनी त्याला हाताने थांबविले. अन्न टाकायचे नाही हा आमच्या घरचा दुसरा कायदा. आणि तो पहिल्या कायद्याहून जुना आहे. माझे वडे मग अण्णांनी कागदात बांधून त्या मुलाच्या हातात दिले. त्याला ते चालत होते की नाही कोण जाणे. पण त्याने घेतले. अर्धी वाटी मात्र तशीच मागे राहिली, आणि दारापर्यंत जाताना अण्णांनी दोनदा वळून तिच्याकडे पाहिले.

काशीत तिसऱ्या दिवशी, दशाश्वमेध घाटावर भटजींनी विचारले, "बाबा, काय सोडणार?"

"डबल का मीठा," अण्णा म्हणाले.

भटजी मराठी जाणणारे होते, पण हा पदार्थ त्यांना ठाऊक नव्हता. मी कसाबसा समजावून सांगितला. त्यांनी क्षणभर विचार केला आणि संकल्पात 'मिष्टान्न' हा शब्द घालून मोकळे झाले. अण्णांनी हातावरचे पाणी सोडले. नंतर अर्थ कळल्यावर ते घाटाच्या पायरीवर बराच वेळ बसून राहिले. एका शब्दात श्रीखंड गेले, पुरणपोळी गेली, पेढा गेला. मी म्हणालो, भटजींची चूक आहे, ती आपल्याला लागू नाही. अण्णा म्हणाले, "पाणी सोडलं ते सोडलं."

मग भटजींनी माझ्याकडे पाहिले. मी फणस सोडला. उदगिरात फणस असा मिळतो तरी किती! अण्णा काही बोलले नाहीत.

परतताना वाराणसीच्या विमानतळावर मी दोघांसाठी कॉफी घेतली. कागदी पेल्यांबरोबर साखरेच्या चार पुड्या आल्या. अण्णांनी आपल्या दोन उचलल्या, मग हात लांबवून माझ्याही दोन उचलल्या आणि चारही कोटाच्या आतल्या खिशात घातल्या.